डोंगरगावची टेकडी आणि कोलकात्यातली हाडं

शुक्रवार : नागपूर ते वरोरा

आयसिसॉरस कोल्बर्टी हा लांब मानेचा, झाडपाल्यावर जगणारा डायनासोर आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातला. वरोऱ्याजवळच्या डोंगरगावच्या टेकडीत त्याचा सांगाडा सापडला. हाडं मात्र आहेत कोलकात्याला, इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये. आधी माती पाहायची आणि मग हाडं, असा बेत मी आणि माझ्या भाचीनं डिसेंबरसाठी आखला. ती वनस्पतिशास्त्र शिकते. मला दगडांची ओढ शाळेपासूनची. दोघांचं कुतूहल एकाच प्राण्यावर येऊन मिळेल असं तिनंच आधी म्हटलं होतं, आणि ते किती खरं होतं हे पुढे कळलं.

नागपुरात सकाळी तर्री-पोहे खाऊन निघालो. बुटीबोरीच्या पुढे टाकळघाटचा फाटा लागतो. या टाकळघाटशी आमच्या प्रवासाचा जुना धागा आहे. स्टीफन हिस्लॉप नावाचे स्कॉटिश मिशनरी १८४५ साली नागपुरात आले. धर्मप्रचार आणि शाळा हे त्यांचं काम, पण सुटीच्या दिवशी हातोडी घेऊन ते विदर्भभर फिरत आणि दगडांत काय काय दडलंय ते टिपून ठेवत. वरोऱ्याजवळच्या पिजदुरा गावातले जीवाश्म अभ्यासकांच्या नजरेत आले ते त्यांच्यामुळे. १८६३ च्या सप्टेंबरमध्ये टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळं पाहून परतताना पुराच्या ओढ्यात बुडून ते गेले. नागपूरकरांना हिस्लॉप कॉलेज माहीत असतं. त्या नावाचा माणूस चिखलात गुडघे टेकून हाडं शोधत असे, हे फारसं कुणी सांगत नाही. आम्ही फाट्यावर गाडी थांबवून जरा उभे राहिलो.

जामहून पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला. वरोऱ्यात पोहोचल्यावर आनंदवनात चक्कर मारली आणि मुक्कामाला आलो. उद्यासाठी गाडी ठरवताना ड्रायव्हरनं साहजिकच विचारलं, "ताडोब्याले का जी?" इकडं बाहेरून येणारी माणसं वाघासाठीच येतात. डोंगरगाव आणि पिजदुरा म्हटल्यावर तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "हाव, तिथं कालेजची पोरं येत राह्यतेत."

जाणार असाल तर नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारी हाच काळ बरा. त्याआधी शेतात उभं पीक असतं आणि पाऊल ठेवता येत नाही, मार्चनंतर ऊन सोसत नाही. गाडी वरोऱ्यातूनच ठरवा. गावांत खाणावळ मिळेल असं धरून चालू नका. पाणी आणि काहीतरी खाण्याचं सोबत असू द्या.

शनिवार : पिजदुरा आणि डोंगरगाव

सकाळी इतकं धुकं होतं की ड्रायव्हर खिडकीतून डोकं बाहेर काढून रस्ता पाहत होता. साडेआठच्या सुमारास धुकं उठलं आणि पहिली गोष्ट दिसली ती मातीचा रंग. वरोऱ्यापासून काळी कपाशीची माती आमच्या सोबत होती. पिजदुऱ्याच्या शिवारात ती मधूनच लाल होते. काळी माती दख्खनच्या बेसॉल्टची झीज होऊन झालेली. लाल माती तिच्याखालच्या लमेटा थराची. हे नाव जबलपूरजवळच्या नर्मदेवरच्या लमेटा घाटावरून पडलंय. हा थर सुमारे ६ कोटी ६० लाख ते ७ कोटी वर्षांपूर्वीचा. म्हणजे दख्खनचा लाव्हा वाहू लागला त्याच्या जरा आधीचा आणि त्या सुरुवातीच्या दिवसांतला. भारत तेव्हा विषुववृत्ताच्या दक्षिणेला समुद्रात एकटाच उत्तरेकडे सरकत होता. एकाच शेताच्या बांधावर उभं राहून डाव्या पायाखाली लाव्हाची माती आणि उजव्या पायाखाली डायनासोरांच्या काळातला गाळ, असं दुसरीकडे कुठे मी पाहिलेलं नाही.

बांधावर एक काका हरभऱ्याला पाणी देत होते. आम्ही रामराम घातला, कशासाठी आलोय ते सांगितलं आणि शेतात उतरू का म्हणून विचारलं.

"उतरा ना जी. पण हरबऱ्यावर पाय नका देऊ, त्या पडीतात पाहा. तिथं लय सापडतेत."

"काका, तुम्हाला काय वाटतं हे दगड बघून?"

"आमी लहानपणापासून पाहून राह्यलो. नांगर लागला का वर येतेत. ते कलकत्त्याचे साहेब आले होते तवा माह्या बापानं सांगतलं, हे जनावराचं शेण हाय म्हणे. दगड झालं."

त्यांच्या वडलांना सांगणारे बरोबर होते. पिजदुरा जगभरच्या अभ्यासकांना माहीत आहे ते या अश्मीभूत शेणासाठी, कोप्रोलाइटसाठी. पडीत जमिनीवर ऊन तिरपं होतं तेव्हा ती लगेच नजरेत भरत होती. करड्या, पिवळसर, कुठे तांबूस. मी एकाजवळ बसून नीट पाहिलं. मोठ्या रताळ्याएवढा गोळा, एका टोकाला निमुळता, अंगावर आडव्या वळ्या आणि एका बाजूला चपटा, मऊ असताना जमिनीवर टेकला असावा तसा. भाचीनं भिंग लावलं. तुटलेल्या बाजूला बारीक बारीक तंतूंसारखे ठसे होते. ती बराच वेळ बोललीच नाही.

चार्ल्स मॅटली यांनी १९३९ साली या शेणगोळ्यांचे आकारावरून प्रकार पाडले. त्यातला सगळ्यात मोठा तो 'ए' प्रकार. याच थरात लांब मानेच्या टायटनोसॉर गटाची हाडं मोठ्या संख्येनं मिळत असल्यानं 'ए' प्रकार त्यांचाच असावा असं मानलं जातं. हे अनुमान आहे. कुठल्या गोळ्याचा मालक कोण, हे त्यावर लिहिलेलं नसतं. तरी आतलं सामान बोलकं आहे. २००५ साली वंदना प्रसाद, कॅरोलाइन स्ट्रॉमबर्ग, हबीब अलिमोहम्मदियन आणि अशोक साहनी यांनी या गोळ्यांतून फायटोलिथ वेगळे केले. वनस्पती जमिनीतून सिलिका शोषतात आणि त्यांच्या पेशींत तिचे काचेसारखे सूक्ष्म कण तयार होतात, तेच हे. पान कुजलं, पोटात पचलं, तरी कण उरतो आणि त्याच्या आकारावरून वनस्पतीचं कुळ सांगता येतं. पिजदुऱ्याच्या गोळ्यांत ताड-माड, सूचिपर्णी आणि इतर झाडांचे कण होते, आणि त्यांच्याबरोबर चक्क गवताचे. एक नाही, निदान पाच प्रकारच्या गवतांचे. तोवर डायनासोरांच्या काळात गवत होतं याचा भक्कम पुरावा कुणाकडे नव्हता. पुढे २०११ मध्ये त्यात भाताच्या कुळातलं गवतही ओळखलं गेलं.

हे सगळं भाचीला पाठ होतं, पण ती ते सांगत होती शेतात उकिडवं बसून आणि समोर गोळा ठेवून. काका पाण्याचा बार दुसऱ्या वाफ्यात वळवून येऊन ऐकत उभे राहिले. "म्हंजे धानाच्या घरचं गवत खाये तो?" त्यांनी विचारलं. मग स्वतःशीच मान हलवत म्हणाले, "आपल्या इकडचंच जनावर हाय ना मग."

त्यांच्या घरी चहा झाला. काकू ऐकेनात, ज्वारीची भाकरी, तुरीच्या सोल्यांची आमटी आणि लाल मिरचीचा ठेचा समोर आला. ताज्या सोल्यांना जो गोडसर हिरवा वास असतो तो शहरात आणलेल्या शेंगांना येत नाही. पैशाचं नाव काढलं तर काकू रागावल्या. "पाव्हण्याकडून घेतेत का बाप्पा?" भाचीनं निघताना वाकून नमस्कार केला.

इथं एक कळकळीची विनंती. एकही गोळा, एकही हाडाचा तुकडा खिशात घालू नका. फोटो काढा, शेजारी मोजपट्टी ठेवा, आणि जिथं होता तिथंच राहू द्या. कोणता गोळा कोणत्या थरातून वर आला हे कळलं नाही तर तो निव्वळ दगड उरतो. शेत कुणाच्या तरी मालकीचं आहे, विचारल्याशिवाय उतरू नका. पुढं पेरा झालेला असेल तर बांधावरूनच परत फिरा.

दुपारी डोंगरगाव. टेकडी म्हटल्यावर डोळ्यांसमोर जे येतं त्यापेक्षा ती बरीच ठेंगणी आहे. वर काटेरी झुडपं, खाली शेतं, उतारावर लालसर आणि फिकट हिरवट मातीचे पट्टे. या थरात माशांचे जीवाश्मही मिळालेत, कारण त्या काळी इथं तळं होतं. सोहनलाल जैन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ ते १९८६ या काळात इथून हा सांगाडा बाहेर काढला. मान, पाठ, कंबर आणि शेपटीचे मणके, बरगड्या, कटिभाग, खांद्याचं हाड, डावा पुढचा पाय. कवटी नाही. मागचे पाय नाहीत. पावलं नाहीत.

ऐकताना हे तोकडं वाटतं. पण भारतातल्या टायटनोसॉरांचा इतिहास पाहिला की या सांगाड्याचं मोल कळतं. १८२८ साली जबलपूरजवळ विल्यम स्लीमन यांना या गटाची भारतातली पहिली हाडं मिळाली, त्यांवरून १८७७ मध्ये रिचर्ड लिडेकर यांनी टायटनोसॉरस इंडिकस हे नाव दिलं. आधार काय, तर शेपटीचे मणके. पिजदुऱ्याचा टायटनोसॉरस ब्लॅनफोर्डी हाही असाच शेपटीच्या मणक्यांवर बेतलेला. शतकभर भारतातले हे महाकाय प्राणी आपल्याला सुट्या-सुट्या हाडांतून माहीत होते. डोंगरगावला प्रथमच एकाच प्राण्याची इतकी हाडं एकमेकांजवळ, बरीचशी आपापल्या क्रमानं मिळाली. कुठला मणका कुठल्या मणक्याला लागतो हे अंदाजानं ठरवावं लागलं नाही.

आम्ही उतारावर बसलो. वारा थंड होता, ऊन पाठीला बरं वाटत होतं. भाचीनं तिच्या मनातलं कोडं सांगितलं. या प्राण्याची मान त्याच्या नात्यातल्या इतरांपेक्षा आखूड आणि जाड, वर उभी धरलेली, आणि पुढचे पाय खूप लांब. खांदे उंच, पाठ मागे उतरती. असा प्राणी झाडाचा शेंडा खाणार. मग शेणात गवत कसं?

"मामा, किंवा शेण दुसऱ्याच कुणाचं असेल."

"किंवा तो जे समोर येईल ते खात असेल."

"दोन्ही असू शकेल. त्याच गोळ्यांत बुरश्याही सापडल्यात, झाडांच्या पानांवर रोग पाडणाऱ्या बुरश्यांच्या जातीच्या. म्हणजे झाडांची पानंही पोटात जातच होती."

पाण्याची बाटली संपेपर्यंत आम्ही यावर बोलत राहिलो. तळ्याकाठचं ओलं गवत, मागे ताड-माडांची गर्दी, त्यापलीकडे उंच सूचिपर्णी. त्या उतारावर बसून हे चित्र उभं करायला फार जोर लावावा लागत नाही, आणि घरी बसून वाचताना मला ते एकदाही जमलं नव्हतं.

रविवार : परतीचा अर्धा दिवस

सकाळी पुन्हा डोंगरगावला गेलो, कारण पूर्वेच्या उन्हात थर जास्त स्पष्ट दिसतील असं वाटलं होतं. तसंच झालं. लाल पट्ट्यावर हिरवट पट्टा चढताना जी रेघ तयार होते ती काल दुपारी पुसट होती, आज बोट ठेवून दाखवता आली. फोटोसाठी यायचं तर नऊच्या आत या.

नागपूरला पोहोचून सावजीचं जेवण केलं (भाचीसाठी पाटोडीचा रस्सा) आणि संध्याकाळची हावड्याची गाडी पकडली. थंडीत नागपूर–हावडा गाड्या धुक्यानं उशिरा पोहोचतात, तेव्हा कोलकात्यातलं काम पोहोचल्याच्या दिवशी ठेवू नका.

सोमवार : गाडीत आणि हावड्यात

गाडी दोनेक तास उशिरा होती. समोरच्या बर्थवर एक बंगाली आजोबा होते, निवृत्त शिक्षक. आम्ही बराहनगरच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये डायनासोर पाहायला चाललोय म्हटल्यावर त्यांचा चेहरा उजळला. विद्यार्थ्यांना घेऊन ते तिथं जाऊन आले होते. संस्थेचे संस्थापक प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्याबद्दल ते इतक्या आपुलकीनं बोलत होते की जणू घरातलेच. संख्याशास्त्राच्या संस्थेत भूविज्ञान कशाला, या माझ्या प्रश्नाला त्यांनी सरळ उत्तर दिलं : महालनोबीसांना सगळ्याच निसर्गविज्ञानांत रस होता, त्यांनी लंडनहून जीवाश्मतज्ज्ञ पामेला रॉबिन्सन यांना बोलावलं आणि १९५७ च्या सुमारास इथं जीवाश्मांचं काम उभं राहिलं. खरगपूरला त्यांनी आम्हाला झालमुरी घेऊन दिली, मोहरीचं तेल जरा जास्त घालायला सांगून.

मंगळवार : बराहनगर

संस्था बी. टी. रोडवर आहे. मेट्रोचं बराहनगर स्थानक सोयीचं, पुढच्याच दक्षिणेश्वर स्थानकावर कालीमंदिर. भूविज्ञान संग्रहालयासाठी आम्ही बरंच आधी पत्र पाठवून परवानगी घेतली होती. तुम्हीही तसंच करा, कामकाजाचा दिवस निवडा आणि येण्याचं कारण पत्रात नेमकं लिहा.

आत शिरल्यावर समोर उभा राहतो बारापासॉरस टागोराय. खरीखुरी हाडं जोडून उभारलेला, लांब मानेच्याच दुसऱ्या डायनासोरचा सांगाडा. मी फोटो कितीदा तरी पाहिले होते, तरी पायाजवळ उभं राहून मान वर करताना अंगावर काटा आला. मांडीचं हाडच दीड मीटरहून लांब. हा तेलंगणातल्या पोचमपल्लीचा, प्राणहिता–गोदावरीच्या खोऱ्यातला (साड्यांचं पोचमपल्ली वेगळं), म्हणजे आपल्या सिरोंच्याच्या शेजारचा. १९६१ च्या सुमारास, रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीच्या काळात, त्याची हाडं बाहेर काढली गेली, म्हणून प्रजातीला टागोरांचं नाव. निदान सहा प्राण्यांची मिळून तीनशेच्या आसपास हाडं मिळाली आणि त्यांतून एक सांगाडा उभा राहिला. कवटी यालाही नाही, काही दात तेवढे आहेत. आयसिसॉरसपेक्षा हा दहा कोटींहून अधिक वर्षं जुना. दोघांच्या काळातलं अंतर हे आयसिसॉरसच्या आणि आपल्या काळातल्या अंतराहून मोठं आहे, ही गोष्ट मी भाचीला दोनदा सांगितली.

आमचा मुख्य पाहुणा म्हणजे आर ३३५ क्रमांकाखाली नोंदलेला डोंगरगावचा सांगाडा. १९९७ मध्ये सोहनलाल जैन आणि शाश्वती बंदोपाध्याय यांनी त्याचं शास्त्रीय वर्णन केलं, ते टायटनोसॉरस कोल्बर्टी या नावानं. एडविन कोल्बर्ट या अमेरिकी जीवाश्मतज्ज्ञाच्या सन्मानार्थ. २००३ मध्ये जेफ्री विल्सन आणि पॉल अपचर्च यांनी टायटनोसॉरसचा सगळा पसारा तपासला. लिडेकर यांच्या मूळ मणक्यांची खूण म्हणजे पुढून खोलगट आणि मागून फुगीर असा घाट. तोवर जगभर या गटाचे इतके प्राणी सापडले होते की हा घाट कितीतरी जणांत दिसला होता. एकाला दुसऱ्यापासून वेगळं ओळखायला तो पुरेना. मूळ नावच टिकलं नाही. डोंगरगावच्या प्राण्याजवळ मात्र स्वतःची ओळख पटवणारी हाडं भरपूर होती, म्हणून त्याला संस्थेच्या 'आयएसआय' (ISI) या लघुनावावरून आयसिसॉरस हे स्वतंत्र नाव मिळालं.

मी सगळ्यात जास्त वेळ घालवला तो दंडाच्या हाडापाशी, खांदा ते कोपर. लांबी १४८ सेंटिमीटर. भाचीची उंची पाच फूट. हाड उभं केलं तर जवळजवळ तिच्या डोक्यापर्यंत येईल, आणि हा झाला पायाचा फक्त वरचा भाग. लांबीच्या मानानं ते सडपातळ आहे. टोकांना पसरट, मध्ये निमुळतं, आणि पृष्ठभागावर बारीक भेगांची जाळी. एका भेगेत मला लालसर मातीचा कण दिसला असं वाटलं. भाचीनंही वाकून पाहिलं आणि म्हणाली, "मामा, रंग तोच."

अख्खा प्राणी किती लांब होता याचे अंदाज ११ मीटरपासून १८ मीटरपर्यंत जातात. शेपटी कुठवर होती आणि मागचे पाय किती उंच, यावर सगळं अवलंबून, आणि मागचे पाय आपल्याकडे नाहीत. चित्रांत तो पुढून उंच, मागून उतरता दाखवतात. त्यातला पुढचा भाग हाडांवरून, मागचा भाग नातेवाइकांवरून बेतलेला. तरीही मला हा सांगाडा अपुरा वाटला नाही. हाडांनी खांद्याची उंची सांगितली, पिजदुऱ्याच्या शेतानं त्या रानात काय उगवत होतं ते सांगितलं, डोंगरगावच्या उतारानं पाणी कुठं होतं ते सांगितलं. फक्त कोलकात्याला आलो असतो तर दंडाचं हाड पाहून थक्क झालो असतो आणि परत गेलो असतो.

संध्याकाळी बाहेर पडून कोपऱ्यावरच्या दुकानात लुची आणि आलूर दम खाल्लं, वर नव्या खजुराच्या गुळाचा संदेश. हा नोलेन गुड फक्त थंडीत मिळतो, तो चुकवू नका.

वेळ असेल तर परतीच्या वाटेवर हैदराबाद जोडता येईल. तिथल्या बिर्ला विज्ञान केंद्रात कोटासॉरस यामनपल्लिएन्सिसचा सांगाडा उभा आहे, तोही याच गोदावरी खोऱ्यातला आणि लांब मानेचाच. आणि लहान मुलं सोबत असतील तर क्रम आमच्यासारखाच ठेवा : वरोरा आधी, कोलकाता नंतर. पिजदुऱ्याच्या काकांना आम्ही दंडाच्या हाडाचा फोटो पाठवलाय, लांबी सेंटिमीटरमध्ये आणि फुटांत दोन्ही लिहून. त्यांचा लगेच फोन आला. गावच्या शाळेच्या भिंतीवर लावायला मोठा करून पाठवा, म्हणाले.